तुम्ही विचारलंत म्हणून : रानात जाताना चाकू कोणता घ्यावा?

पहिला पाऊस पडला की इंदूरजवळच्या पातालपाणी, चोरल, जानापावचे बेत ठरू लागतात, आणि आमच्या इंदुरातल्या रामबागेतल्या कुणाची तरी लेक नाहीतर भाचा माझ्याकडे येतो. "काकू, जंगलात चालायला जातोय, चाकू कोणता घेऊ?" मोबाइलवर तोवर हातभर लांब, पाठीला करवतीसारखे दाते असलेल्या चाकूचा फोटो उघडलेला असतो.

तो घेऊ नका. सकाळी निघून संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला रानात चाकू कशाला लागतो? पेरू-काकडी चिरायला, दोरी तोडायला, टाचेच्या फोडावर चिकटपट्टी कापून लावायला, बोटात रुतलेला काटा काढायला, बुटाचा उचकटलेला तळ कसाबसा बांधायला. वीस-बावीस वर्षं मी या डोंगरांत हिंडते आहे, याहून मोठं काम मला कधी पडलं नाही. त्याला तीन इंचांचं पातं पुरतं. आणि नीट बघितलंत तर यातली निम्मी कामं चाकूची नाहीतच, ती कात्रीची आणि चिमट्याची आहेत.

माझ्या खिशात व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा क्लाइंबर नावाचा घडीचा चाकू असतो. मिटल्यावर 91 मिलिमीटर, वजन ऐंशीएक ग्रॅम. दोन पाती, छोटी कात्री, चिमटा, डबा उघडायचं हत्यार आणि पाठीला भोक पाडायची टोकदार आरी. बाटलीचं बूच काढायचा पीळदार स्क्रू पाहून लोक विचारतात, हा तुम्हाला कशाला? पावसात भिजून आवळलेली गाठ सोडवायला त्यासारखं दुसरं काही नाही. या कंपनीचे संस्थापक कार्ल एल्सनर यांनी 1897 साली स्विस लष्करी अधिकाऱ्यांसाठी केलेल्या चाकूचा हा वंशज. मुठीच्या दोन्ही बाजूंची अवजारं एकाच स्प्रिंगवर पेलायची युक्ती तेव्हाची.

त्या स्प्रिंगबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेच मी चुकले होते. कालाकुंडच्या उतारावर माझ्या पाठपिशवीचा पट्टा तुटला. पट्ट्याला भोक पाडून दोरी ओवायची म्हणून मी मोठ्या पात्याचं टोक त्यात दाबलं. या चाकूचं पातं फक्त स्प्रिंगच्या ताणावर उघडं राहतं, त्याला कुलूप, म्हणजे पातं जागेवर अडकवून ठेवणारी सोय, नसतं. वरून खाली कापताना त्याचं काही बिघडत नाही, कारण जोर पातं उघडण्याच्याच दिशेने पडतो. टोक खुपसलं की तोच जोर उलटतो. पातं मिटलं ते माझ्या तर्जनीवर. महूला येऊन तीन टाके पडले, आणि ते बोट थंडीत अजून बधिर होतं. भोक पाडायची आरी त्याच चाकूत होती. ती उघडायचं मला सुचलं नाही. आरीलाही कुलूप नसतं, म्हणून तिच्यावर एकदम भार न देता ती हळूहळू फिरवत न्यायची.

ज्यांच्या हाताला अजून सवय नाही, त्यांना मी कुलपाचा चाकू घ्यायला सांगते. फ्रान्सचा ओपिनेल त्यात सर्वांत सोपा. पात्याच्या बुडाशी लोखंडी कडं असतं, ते फिरवलं की पातं जागचं हलत नाही. आठ नंबरचा घ्या, पातं साडेआठ सेंटिमीटर. पण घेताना स्टेनलेस बघून घ्या. साध्या कार्बन पोलादाला धार सुरेख येते, मात्र लिंबू चिरलं की ते काळं पडतं आणि आपल्या पावसात दोन दिवसांत गंजतं. मूठ लाकडाची असल्यामुळे भिजली की फुगते आणि पातं बाहेर येत नाही. अशा वेळी नखाने ओढत बसू नका. कडं मोकळं करून मुठीचं मागचं टोक दगडावर ठोका, पातं थोडं पुढे सरकतं.

पक्कडवाल्या मल्टिटूलबद्दलही विचारता. टिम लेदरमन यांना 1975 साली जुन्या फियाटमधून युरोप फिरताना पकडीची उणीव भासली. त्यातून निघालेलं त्यांचं पहिलं अवजार 1983 साली विकलं गेलं. वस्तू उत्तम आहे, पण त्यांच्या वेव्हसारख्या मॉडेलचं वजन 240 ग्रॅमच्या घरात जातं. दहा जणांत एकाकडे असलं तरी पुरे. दीड-दोनशे रुपयांत मिळणारी नक्कल घेऊ नका. तिची पक्कड ऐन वेळी सांध्यात मोडते, आणि हात जोरात असतो तेव्हाच मोडते.

धार ठेवा. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की तो घसरतो. सायकलच्या चाकावर सहाण फिरवत गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी खुशाल द्या, बारीक पातं देऊ नका. घासताना ते फार तापलं तर त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, मग धार टिकत नाही. हजार नंबरचा धारेचा दगड पाण्यात भिजवून घरीच लावा. पातं दगडाशी वीसएक अंश तिरपं, दोन्ही बाजूंनी सारखं.

कापताना मांडीवर कधीही कापू नका. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. कोपरं गुडघ्यांवर टेकवा, चाकू गुडघ्यांच्या पुढे, हातभर अंतरात कुणी नको. आमची आजी चाकू हातातून हातात घेऊ द्यायची नाही, भांडण होतं म्हणायची. मी मुलांना आजही खाली ठेवूनच द्यायला लावते.

आणि जिवंत झाडाला पातं लावू नका. पळसाच्या खोडावर नावं कोरलेली दिसली की मला फार वाईट वाटतं.

कायद्याचं विचारलंत म्हणून तेही सांगते. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू घरगुती, शेतीच्या किंवा तशाच कामासाठी बनवलेला नसेल, तर तो शस्त्रांच्या नियमांत येतो. आपले चाकू त्यापासून फार लांब आहेत. पण अभयारण्याची गोष्ट निराळी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच चाकू आहे, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र आत नेता येत नाही. म्हणून इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्यात जायचं असलं की मी फळं घरीच चिरून डब्यात भरते आणि चाकू स्वयंपाकघराच्या खणात ठेवून निघते.