कन्व्हर्टरवर कोरलेला क्रमांक

कॅलिफोर्नियात जुनी पेट्रोल गाडी वापरणाऱ्या बहुतेकांना दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी, करून घ्यावा लागतो आणि त्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. आपल्याकडे पीयूसीसाठी सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात. येथे २००० सालच्या आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांच्या बाबतीत डॅशबोर्डखालच्या सॉकेटला यंत्र जोडून गाडीच्या संगणकातील नोंदी वाचल्या जातात. आमच्या २००६ सालच्या सहा सिलिंडरच्या गाडीत यंदा चेक इंजिनचा दिवा लागला आणि पी०४२० व पी०४३० हे दोन कोड निघाले, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या, इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली होती.

नवे कन्व्हर्टर मागवावेत, असे मी लगेच म्हटले. पण जुने कशामुळे गेले हे कळल्याशिवाय नव्यांना हात लावायचा नाही, असे मेकॅनिकने ठामपणे सांगितले, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. इग्निशन कॉइल दुबळ्या झाल्याने अधूनमधून ठिणगी चुकत होती. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे पेट घेत होते. काढलेला एक कन्व्हर्टर त्याने माझ्या हातात देऊन हलवायला सांगितला, तर आत खडखडले. विजेरी लावून पाहिले, तेव्हा मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी मध्यभागी वितळून गोळा झालेली दिसली. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा थर याच सिरॅमिक जाळीवर असतो. तिची ती अवस्था पाहून कॉइल आणि स्पार्क प्लग आधी बदलण्याचा खर्च मला मुळीच जड वाटला नाही.

इंटरनेटवर फार स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांपैकी पुष्कळ इतर राज्यांपुरतेच वैध असतात. येथे मूळ कंपनीचा भाग तरी हवा, नाहीतर राज्याच्या हवा संसाधन मंडळाने मान्यता दिलेला तरी. मान्यतेचा आदेश क्रमांक आणि धूर वाहण्याच्या दिशेचा बाण कन्व्हर्टरच्या पत्र्यावर कोरलेला असतो. बॉनेटखालच्या लेबलवरचा इंजिन गटाचा क्रमांक त्या आदेशाच्या यादीत सापडला, तरच तो भाग आपल्या गाडीला चालतो. केवळ मॉडेल आणि साल जुळणे पुरेसे नाही. जुनी गाडी असणाऱ्या मराठी मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे की, पैसे भरण्यापूर्वी त्या लेबलचा फोटो काढून दुकानदाराला दाखवा.

गंजलेले बोल्ट सोडवण्यातच मेकॅनिकची अर्धी दुपार गेली. कोड पुसल्यावर संगणकाने स्वतः करायची कन्व्हर्टरची तपासणी पुन्हा पूर्ण व्हावी लागते, म्हणून पाच दिवस सकाळी थंड इंजिनावर निघून थोडे शहरात, थोडे महामार्गावर, अशी गाडी चालवली. सहाव्या दिवशी तपासनीस हातात लांब दांड्याचा आरसा घेऊन गाडीखाली वाकला आणि दोन्ही क्रमांक त्याने एकेक अंक वाचून पडताळून पाहिले.