एका फ्लॉपीत मावणारी प्रणाली
"अरे, झालापण सुरू?" चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली.

बाबांचा जुना पीसी. कालच नौपाड्यातला दुकानदार म्हणाला, "भंगारात द्या, यावर आता काही चालत नाही." मन मानेना. आज पेनड्राइव्हवर कोलिब्रीओएस ही चिमुकली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, टाकून लावली. काही सेकंदांत पडदा उजळला. लिहायला एडिटर, खेळसुद्धा!

सगळी प्रणाली १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत मावते. बहुतांशी असेंब्लीत लिहिलेली, म्हणजे प्रोसेसरशी जवळजवळ त्याच्याच बोलीत बोलणं. माझ्या फोनमधला आईचा एक फोटो याहून मोठा आहे. इतक्या थोडक्यात इतकं बसवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

बाबांच्या कीबोर्डवरचं 'एस' पार पुसलंय. आईने त्यावरून पदर फिरवला. "देऊ नकोस हं कुणाला."

तुमच्या माळ्यावर आहे का असा एखादा?