साडेसहाचे काटे

बँक्वेटमध्ये पाहुण्याला ‘झालं का?’ असं विचारत नाहीत. प्लेट बघायची. काटा-सुरी शेजारीशेजारी, मुठी पाहुण्याकडे, घड्याळात साडेसहा वाजल्यासारखी ठेवली की जेवण झालं. तिरकी, फाकलेली असली की तो नुसता थांबलाय, हात लावायचा नाही. नव्या पोरांना हे दहा मिनिटांत पाठ होतं, आणि घोळ तिथंच आहे.

त्या रात्री 24 टेबलं, 240 कव्हर, म्हणजे 240 जणांची मांडणी. सहा फुटी गोल टेबलाला दहा जण बसवले की माणशी जेमतेम 57 सेंटिमीटर येतात. 60 तरी हवेत, पण आयोजकांना टेबल वाढवायचं नसतं. मांडणी मात्र दृष्ट लागावी अशी झाली होती. काटे डावीकडे, सुऱ्या उजवीकडे, पाती प्लेटच्या बाजूला, त्यांच्या बाहेर सूपचा चमचा. प्रत्येक मूठ कडेपासून अंगठाभर आत. गोडाचा चमचा आणि काटा वरच्या अंगाला आडवे.

मेन कोर्स लागून आठेक मिनिटं झाली असतील, तोच वक्ता माइकपाशी जाऊन उभा. भाषण कॉफीबरोबर ठरलं होतं, पण ठरलेल्या वेळी भाषण झाल्याचं मला आठवत नाही. पुढच्या टेबलावरच्या आठ जणांनी काटा-सुरी खाली ठेवली. नीट, समांतर, वक्त्याचा मान म्हणून. मला भिंतीपासून आठ ठिकाणी साडेसहा वाजलेले दिसले, आतून किचन गोडासाठी घाई करत होतं, आणि मी उचलायची खूण केली.

पोरानं हात सफाईनं चालवला. प्लेट उजवीकडून उचलायची, पाहुण्याच्या पाठीमागे डाव्या हातात घ्यायची. पहिल्या प्लेटवरचा काटा अंगठ्यानं दाबायचा आणि सुरी त्याच्या कमानीखालून आडवी सरकवायची, म्हणजे घसरत नाही. दुसरी प्लेट मनगटालगत हातावर, तिच्यातलं उरलंसुरलं पहिलीत लोटायचं. तो इथंच अडला. पहिलीत मावेना! तोवर दुसऱ्या पोरानं पलीकडच्या चार प्लेटा पॅन्ट्रीत नेऊन एकत्र केल्या होत्या. त्या परत थोड्याच मांडता येतात?

मॅनेजर म्हणाले, नॅपकिन मांडीवर होते ते दिसलं नाही? नॅपकिन गोड होईपर्यंत मांडीवरच असतो, उठल्यावर प्लेटच्या डावीकडे जातो. त्यावरून काही कळत नाही, पण खुर्चीत बसून सांगायला बरं असतं. वाढणाऱ्या पोरांवर देखरेख करणारा एक जुना कॅप्टन म्हणाला, काट्याचे दाते बघायचे, वर असले तर संपलं. युरोपात जेवण संपल्यावरही दाते खाली ठेवणारे पुष्कळ आहेत. त्याचंही मला पटलं नाही.

माझी चूक वेगळी होती. टेबलावरचे सगळे थांबल्याशिवाय एकही प्लेट उचलायची नाही, हा नियम मीच शिकवतो. तिथं दोघं जण भाषणाकडे ढुंकूनही न बघता जेवत होते. त्यांना मी मनातल्या मनात अडाणी ठरवलं आणि हिशेबातून वगळलं. त्या टेबलावर पोटभर जेवले ते दोघंच.

टाळ्या झाल्या. आठ जणांनी खुर्च्या पुढे ओढल्या. समोर होता फक्त आडवा गोडाचा चमचा. एकानं तो उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि परत होता तसा आडवा ठेवला.