कान फुटतो, मग पथ्य पोटाला का?

‘आमच्या कुत्र्याचे कान सारखे फुटतात. खाण्यात काय घालू म्हणजे बरे होतील?’ माझ्या कुत्रीची हकिगत ऐकली की लोक हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: घालायचं नंतर बघू, आधी काय काढायचं ते शोधा.

दोन वर्षं आमचं चक्र ठरलेलं होतं. थेंब घातले की कान सुधारायचे, महिन्याभरात पुन्हा तोच आंबूस वास, तपकिरी मळ, रात्रभर डोकं झटकणं. शेवटी शेवटी माझ्या हातात बाटली दिसली की ती पलंगाखाली जाऊन बसायची. ते मला फार लागलं.

मग एका डॉक्टरांनी समजावलं. कानाची नळी म्हणजे आत वळलेली कातडीच. ॲलर्जीनं अंगाला खाज येते तशी तीही सुजते, मळ वाढतो आणि एरवी निमूट राहणारे यीस्ट आणि जिवाणू तिथे माजतात. थेंबांनी ते मरतात, पण ॲलर्जी तशीच राहते. त्यात कुत्र्याची नळी आधी खाली उतरते आणि मग आडवी वळते, त्यामुळे आतली घाण सहज बाहेर पडत नाही.

मात्र प्रत्येक कानाचं मूळ ताटात नसतं. धुळीतले किंवा परागकणांचे त्रास खाण्याच्या ॲलर्जीपेक्षा जास्त आढळतात. शिवाय कानातले किडे, थायरॉइड, आत अडकलेलं कुसळ. बाराही महिने त्रास असेल, सोबत पंजे चाटणं किंवा पोट बिघडणं असेल, तर खाण्यावर संशय घ्यायला जागा आहे. रक्ताच्या, केसांच्या किंवा लाळेच्या तपासणीवर यासाठी पैसे घालवू नका, त्या भरवशाच्या नाहीत.

खरी तपासणी म्हणजे 8 आठवड्यांचं कडक पथ्य. त्या कुत्र्यानं कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन, किंवा प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेलं खाणं की शरीराला ते ओळखूच येऊ नयेत. याला हायड्रोलाइज्ड आहार म्हणतात. बाकी काही नाही. एक बिस्किटही नाही, चघळायचं हाडही नाही. आमचं पहिलं पथ्य पाचव्या आठवड्यात मोडलं ते चवीच्या गोळीमुळे. जंताची गोळी मांसाच्या स्वादाची असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

आणि शेवटची पायरी कुणालाच करावीशी वाटत नाही: बरं झालेल्या कुत्र्याला जुनं खाणं परत द्यायचं. पण गुण पथ्याचा की थेंबांचा, हे त्याशिवाय कळत नाही. आम्ही चिकन दिलं आणि नवव्या दिवशी तिनं कान खाजवायला सुरुवात केली. चिकन ती लहानपणापासून खात होती! ‘इतकी वर्षं चालत होतं की’ हा पुरावा नव्हे. ॲलर्जी बहुधा सवयीच्या खाण्याचीच होते. बीफ, दूध, चिकन आणि गहू ही नावं सगळ्यात जास्त वेळा निघतात.

‘धान्य बंद करा, यीस्ट साखरेवर जगतं’ हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. कुत्र्याच्या कानातलं मॅलासेझिया हे यीस्ट कातडीवरच्या स्निग्धावर पोसलं जातं, भातातल्या साखरेवर नाही. माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 नं मात्र कातडीची सूज थोडी कमी होऊ शकते. मात्रा वजनानुसार डॉक्टरांकडून घ्या, गुण यायला दोन-तीन महिने द्या आणि पथ्याच्या आठवड्यांत ते नव्यानं सुरू करू नका.

हे सगळं चालू असताना कानाचे उपचार थांबवायचे नाहीत. मळ सूक्ष्मदर्शकाखाली बघून, पडदा शाबूत आहे ना ते तपासून डॉक्टर औषध ठरवतात. घरचं व्हिनेगर सुजलेल्या कानात कृपा करून ओतू नका. पडदा फाटलेला असला तर ते थेट मध्यकर्णात जातं आणि कुत्र्याला ते सांगता येत नाही.