खडकवासला नोंदवही: लेझर, होबी आणि भाचीची ऑप्टिमिस्ट

रविवारी वारा पानशेतच्या अंगाने आलेला, आणि नेहमीसारखाच लहरी. दोन मिनिटं शीड टरारून फुगणार, मग एकदम मरगळ. माझी लेझर, मित्राची होबी 16 आणि भाचीची ऑप्टिमिस्ट अशा तिन्ही शिडाच्या होड्या एकाच फेरीवर सोडल्या.

आधी घड्याळाची गंमत. फेरी संपल्यावर माझ्या जीपीएस घड्याळावर कमाल वेग 19 नॉट (तासाला सागरी मैल)! लेझरमध्ये! क्षणभर मी हवेतच. मग आठवलं, दुसऱ्या बॉयपाशी (वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगणारा फुगा) होडीसकट आडवा झालो होतो. घड्याळ पाण्याखाली गेलं, सिग्नल तुटला, वर आल्यावर त्याने मधलं अंतर एकाच उडीत मोजलं. आता फक्त सलग दहा सेकंदांची सरासरी लिहितो.

त्या हिशेबाने आडव्या वाऱ्यात होबी 12.4, लेझर 8.1 नॉट. होबीला पाण्यात बसणारी अंगं, म्हणजे हल, दोन; दोन्ही सुरीसारखे बारीक, स्वतःच्या लाटेत अडकतच नाहीत. लेझरची पाण्यातली लांबी 3.81 मीटर, त्यामुळे साधारण 4.7 नॉटला तिचीच लाट तिला धरून ठेवते. त्याच्या वर जायचं तर प्लेनिंगला, म्हणजे पाण्यावर उचलून घसरत धावायला लागलं पाहिजे. म्हणजे झुळूक हवी आणि तुमचं बूड काठाबाहेर. (सोमवारी पोटाचे स्नायू त्याचा जाब विचारतात.)

वाऱ्याच्या तोंडावर चढताना मात्र होबीचा तोरा उतरला. तिला सेंटरबोर्ड, म्हणजे मधोमध पाण्यात सोडायची फळी, नाही. टॅक घेताना, म्हणजे वाऱ्यातून वळून बाजू बदलताना, जिब (पुढचं छोटं शीड) उलट्या बाजूला धरून नाक फिरवावं लागतं. मित्र दोनदा मधेच अडकला आणि चक्क मागे सरकायला लागला. आपल्या अरुंद पाण्यात काठ लगेच येतो, टॅकवर टॅक घ्यावे लागतात. वरच्या बॉयला तो माझ्यापुढे जेमतेम चाळीस सेकंद. मोकळ्या समुद्रावर हाच माणूस मला दिसलाही नसता.

ऑप्टिमिस्ट 35 किलोची, आठ फुटांहूनही आखूड. वेगवेगळ्या होड्यांची बरोबरी लावणाऱ्या पोर्ट्समथ यार्डस्टिक पद्धतीत तिचा आकडा 1640 च्या आसपास, लेझरचा 1100 च्या. लागलेल्या वेळेला हजाराने गुणायचं आणि या आकड्याने भागायचं. माझी 33 मिनिटं झाली बरोब्बर 30. भाचीची 48 झाली 29 मिनिटं 16 सेकंद.

चौपाटीवर कणसांचे पैसे मी दिले. तिने दोन खाल्ली.