कर्नाळ्याला पक्षी बघायचे असतील तर सुळका विसरा

कर्नाळा पक्षी अभयारण्याबद्दल जे लिहिलेलं सापडतं, त्यातलं निम्मं अभयारण्यातल्या किल्ल्याबद्दल आणि त्याच्या सुळक्याबद्दल असतं आणि उरलेलं पक्ष्यांच्या एका लांबलचक यादीवरून उतरवलेलं. यादीत बारा महिन्यांचे पाहुणे एकत्र कोंबलेले. महिना बघत कोणी नाही. फेब्रुवारीअखेर तिबोटी खंड्या आणि नवरंग शोधत फिरणारी मंडळी वाटेत दिसतात, ती यामुळेच. हे दोघे इथे पावसाच्या तोंडावर येतात, पावसात घरटी करतात. उन्हं तापायला लागल्यावर त्यांच्यासाठी पेट्रोल जाळू नये. पार्किंगपाशी कोणी ‘हमखास दाखवतो’ म्हणत पैसे मागितले तर ‘कुठल्या महिन्यात?’ एवढंच विचारावं.

अभयारण्य १९६८ सालचं, पनवेलपासून साधारण १२ किलोमीटरवर, आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातूनच जातो. त्यामुळे दारापासून सुरुवातीचा पट्टा आवाजावर पक्षी ओळखायच्या कामाचा नाही. ट्रकच्या हॉर्नमध्ये कुटुरग्याचा खणखणीत आवाजही बुडतो. इथे कान बाजूला ठेवून डोळे वर ठेवा. पांगारा आणि काटेसावर फुललेले असले की एकाच झाडाखाली वीस मिनिटं उभं राहणं परवडतं: शिंजीर, हरेवा, हळद्या, टकाचोर, साळुंक्या पाळीपाळीने येतात. चालत राहणाऱ्याला हे सगळं फक्त पाठमोरं दिसतं.

आता किल्ल्याची वाट. बहुतेकजण हिलाच ‘बर्डिंग ट्रेल’ समजून चढतात. पक्ष्यांसाठी ही वाट वाईट आहे, आणि रविवारी साडेआठनंतर तर निव्वळ वाया. सोंडेवर चढ लागला की पायाखाली घसारा: कातळावर भुरभुरीत मुरूम, त्यावर सागाची वाळकी पानं, अधूनमधून उघडी पडलेली मुळं. पान वाजतं आणि पायही सटकतो. पन्नास फुटांवरचा कस्तुर पहिल्या पावलालाच उडालेला असतो. चढताना निभावतं, खरी गंमत उतरताना. गळ्यात दुर्बीण लोंबकळतेय, खांद्यावर ट्रायपॉड, एक हात मुळाला धरायला हवा आणि दुसरा लेन्स सांभाळण्यात अडकलेला. त्यात मागून ट्रेकवाल्यांचा घोळका, त्यांच्या सॅकवर वाजणारा स्पीकर. मोठी लेन्स घेऊन इथे चढू नये, बस्स. पावसाळ्यात याच पट्ट्यावर शेवाळ असतं, तेव्हा खोल खाचांचे बूट घातले तरी ओल्या कातळावर भरवसा नाही.

वर बहिरी ससाणा दिसायची शक्यता असते हे कबूल. पण सुळक्याला आग्यामोहाची पोळी असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा यातलं काहीही तिथे नको. माश्या उठल्याच तर हात झटकत बसू नये. तोंड-डोकं झाकून आल्या वाटेने खाली सुटावं.

मग बघायचं कुठे? खालच्या निसर्गवाटांवर, तेही न चालता. ओढा आटत आला की मागे डबकी उरतात, एखादा पाणवठा भरलेला असतो. पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर, झाडाच्या बुंध्याला टेकून, ऊन पाठीवर घेऊन बसा. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. मग नीलमणी येतो, टिकेलचा माशीमार येतो, नाचण शेपटीचा पंखा उघडत-मिटत कडेने फिरते. नीलमणी पाण्यावर बसतच नाही. फांदीवरून सुळकन येऊन छाती बुडवतो आणि त्याच फांदीवर परत जातो. कॅमेरा पाण्यावर नाही, त्या फांदीवर रोखून ठेवायचा.

मिश्र थव्याचंही, म्हणजे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र चरत फिरतात त्याचंही, गणित समजून घ्यावं. अर्धा तास रान सुनं, आणि मग तीन-चार मिनिटांत सगळं एकदम: निखार, सुभग, मखमली शिलिंध्री, सातभाई खालून पालापाचोळा उलथत. सोबत बहुधा भृंगराज, उठवलेले किडे टिपायला. आधी तो शोधा, मग नजर त्याच्याखाली उतरवा. मात्र त्याच्या आवाजावर विश्वास ठेवू नका. हा पठ्ठ्या शिक्र्याची, म्हणजे एका छोट्या शिकारी पक्ष्याची, नक्कल इतकी बेमालूम करतो की जाणतेही आभाळात शिक्रा शोधत बसतात. ससाण्या-शिक्र्याची नोंद नुसत्या आवाजावर करायचीच नाही, दिसला तरच.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाची. १०× ची दुर्बीण दाट झाडोऱ्यात हलते आणि तिचं दृश्यक्षेत्र लहान. निखार फांदी बदलतो आणि तुम्ही पानं शोधत राहता. आभाळाच्या पार्श्वभूमीवरचा पक्षी फोटोत काळा पडतो, तिथे एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, वाढवावा. कपडे मातकट, हिरवट. पांढरी टोपी नको.

पावसात तिबोटीसाठी जाणाऱ्यांना एकच सांगणं. त्याचं घरटं मातीच्या कडेतलं बीळ असतं. बिळासमोर उभे राहिलात तर तो चोचीत पाल-सरडा धरून लांब फांदीवर ताटकळतो आणि आत पिल्लं उपाशी. फ्लॅश नाही, मोबाइलवर आवाज वाजवणं नाही. आधीच फोटोवाल्यांची रांग लागलेली असेल तर सरळ पुढे निघा.

प्लास्टिकच्या बाटल्या दारावर मोजून अनामत घेतात; स्टीलची बाटली नेलीत तर तो वेळ वाचतो, आणि सकाळी पहिली वीस मिनिटंच मोलाची. एसटीने येणार असाल तर चढतानाच कंडक्टरला ‘अभयारण्यापाशी उतरायचंय’ असं सांगा. विनाथांबा गाडी थेट पुढे नेते. परतताना महामार्ग ओलांडायला घाई नको, तिथे कोणीही वेग कमी करत नाही.