एकही पुस्तक हलवायचं नाही

भारतातून येणाऱ्या चित्रपटांच्या युनिटसाठी लंडनमध्ये लोकेशन शोधायची, परवानग्या काढायच्या आणि शूटिंगच्या दिवशी आजूबाजूच्यांची समजूत घालायची, हे माझं काम. बहुतेकांच्या मागण्या ठरलेल्या असतात: नदी, पूल, लाल बस. म्हणून एका पटकथेत ‘पुस्तकांचं जुनं दुकान, आतून, दिवस, १९५२’ ही ओळ वाचली तेव्हा मला फार आनंद झाला. या शहरातल्या पुस्तकांच्या दुकानांवर माझा जीव आहे. सुट्टीच्या दिवशीही माझे पाय तिकडेच वळतात.

प्रसंग साधा होता. नुकतीच लंडनला आलेली एक तरुणी पावसापासून आडोसा म्हणून दुकानात शिरते आणि तिथेच रेंगाळते. संवाद जवळजवळ नाहीत. रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा पाहायला, माझ्यासोबत होते आमचे कला दिग्दर्शक. साठी ओलांडलेले, सगळं युनिट त्यांना दादा म्हणतं. दिग्दर्शकाने त्यांना निरोप दिला होता, ‘भव्य हवं, कपाटं छतापर्यंत हवीत, आणि हवेत धुराचा पातळ थर.’

सकाळी दुकान उघडायच्या वेळेला आम्ही मेरिलबोन हाय स्ट्रीटवर डॉन्ट बुक्समध्ये पोहोचलो. लंडनमधलं सर्वांत देखणं पुस्तकांचं दुकान कुठलं असं विचारलं तर बहुतेक लोक याच दुकानाचं नाव घेतील. एडवर्डियन काळातली ही वास्तू फ्रान्सिस एडवर्ड्स या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याच्या पेढीसाठी बांधली, १९१२ च्या सुमाराला. म्हणजे दुसऱ्या कशाची तरी इमारत घेऊन तिथे पुस्तकं मांडलेली नाहीत. इमारतच पुस्तकं विकायला उभी केली. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना ओकच्या लाकडाचे सज्जे, वर काचेचं छत, टोकाला कमानदार खिडकी.

दादा आत आले आणि कितीतरी वेळ मान वर करून उभे राहिले. मग मला म्हणाले, “अगं, हे छत शोभेसाठी नाहीये. उजेड वरून घेतला म्हणून भिंतींना खिडक्या पाडाव्या लागल्या नाहीत. अख्ख्या भिंती पुस्तकांना मिळाल्या. आणि सज्जा केला म्हणून वरच्या फळ्यांनाही शिडी नको, माणूस चालत जातो.” मी या दुकानात इतक्या वेळा आले होते, पण त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकांची मांडणीही इथे वेगळी आहे, देशांप्रमाणे. एखाद्या देशाचा इतिहास, तिथल्या कादंबऱ्या, प्रवासाची मार्गदर्शिका, सगळं शेजारी शेजारी. एक शोधायला जावं आणि तीन घेऊन यावीत, अशी ती रचना आहे.

शूटिंगला मात्र नाही, हे दादांनी दहा मिनिटांत ठरवलं. काचेच्या छतावरून ढग सरकले की सगळ्या दालनाचा उजेड बदलत होता. लंडनच्या हिवाळ्यात असा उजेड दोन शॉटमध्ये जुळवणं म्हणजे डीओपीला, म्हणजे छायालेखकाला, शिक्षाच. आणि दुसरं कारण त्यांनी हळूच सांगितलं, “इथे प्रेक्षक दुकान बघत बसेल. आमची बाई कोणाला दिसणार नाही.”

तिथून पिकॅडिली. हॅचर्ड्स हे लंडनमधलं सर्वांत जुनं पुस्तकांचं दुकान. जॉन हॅचर्डने ते १७९७ मध्ये याच रस्त्यावर सुरू केलं आणि ते अजून याच रस्त्यावर आहे. पाय ठेवला की एखाद्या सुखवस्तू घरात आल्यासारखं वाटतं. लाकडी कपाटं, मधून वर जाणारा जिना, मजल्यामजल्यावर खोल्यांसारखे विभाग. दादांना ते आवडलं, पण खोल्या लहान, कॅमेरा मागे न्यायला जागा नाही. मग त्याच रस्त्यावरच्या वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या साखळी-दुकानाकडे मी त्यांना नेलं ते कामासाठी कमी आणि हौसेपोटी जास्त. ही मूळची सिम्प्सन्स या कपड्यांच्या दुकानाची इमारत, १९३६ ची, वास्तुरचनाकार जोसेफ एम्बर्टन. रस्त्यालगतच्या दर्शनी काचा आत वळवलेल्या आहेत, म्हणजे समोरच्या रस्त्याचं प्रतिबिंब आतल्या मालावर पडत नाही. काचेतलं प्रतिबिंब टाळण्यात ज्यांचा निम्मा जन्म गेला, ते दादा फुटपाथवर उभे राहून त्या काचेसमोर डावीकडे उजवीकडे डोलत होते. येणारेजाणारे बघत होते, त्यांना त्याचं काही नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ही दुकानं आज आहेत ती नुसती जुनी आहेत म्हणून टिकलेली नाहीत. डॉन्ट बुक्स १९९० मध्ये सुरू करणारे जेम्स डॉन्ट २०११ मध्ये वॉटरस्टोन्सचे प्रमुख झाले. तेव्हा ती साखळी बुडायच्या बेतात होती. दर्शनी जागा मिळावी म्हणून प्रकाशक दुकानांना पैसे देत. तो पैसा त्यांनी घेणं बंद केलं आणि कुठलं पुस्तक पुढे मांडायचं हे त्या त्या शाखेतल्या माणसांवर सोडलं. साखळी सावरली. हॅचर्ड्स तिचाच भाग आहे, आणि २०१८ मध्ये फॉइल्स हे पुस्तकांचं दुकानही तिने घेतलं. एकाच मालकीखाली इतकं सगळं असणं मला पूर्ण सुखाचं वाटत नाही. पण विकणाऱ्याला स्वतःच्या दुकानातली पुस्तकं माहीत असली पाहिजेत, हा आग्रह धरला म्हणून ही दारं उघडी राहिली, हे खरं आहे.

दुपारी चेरिंग क्रॉस रोड. एकेकाळी हा अख्खा रस्ता पुस्तकांचा होता. आता मोजकी दुकानं उरली आहेत. ८४ क्रमांकाचं मार्क्स अँड कंपनी हे दुकान एका अमेरिकन ग्राहकाशी झालेल्या पत्रव्यवहारामुळे जगभर माहीत झालं. ते १९७० मध्येच बंद झालं, आता फक्त पाटी आहे. फॉइल्स आहे, पण जुन्या जागेत नाही, २०१४ पासून तिच्या शेजारच्या १०७ क्रमांकात, जिथे पूर्वी कलाशाळा होती. विल्यम आणि गिल्बर्ट फॉइल हे दोघे भाऊ सरकारी नोकरीच्या परीक्षेत नापास झाले. त्यांनी आपली क्रमिक पुस्तकं विकायला काढली, तेव्हा इतकी मागणी आली की १९०३ मध्ये त्यांनी हाच धंदा धरला. पुढे विल्यमची मुलगी क्रिस्टिना हिच्या कारकिर्दीत तिथे पुस्तकं प्रकाशकांप्रमाणे लावलेली असत आणि एक पुस्तक घ्यायला तीन रांगा लावाव्या लागत. एका रांगेत चिठ्ठी, दुसरीत पैसे, तिसरीत पुस्तक. हे ऐकल्यावर दादांनी वही काढली. “रांगेतली बाई,” त्यांनी लिहून घेतलं. पण ते जुनं दुकानच आता नाही, सगळा सेट उभारावा लागला असता.

रस्त्याने चालताना त्यांनी विचारलं, “बाबासाहेब इथेच यायचे का गं?” लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथून चालत फार लांब नाही, आणि बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकं जमवत, हे त्यांच्या चरित्रांत आहे. १९१७ मध्ये परतताना वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तकं पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेली. नेमक्या याच रस्त्यावर ते येत असत असं मी सांगू शकत नव्हते. दादा मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

शेवटची जागा सेसिल कोर्ट. चेरिंग क्रॉस रोड आणि सेंट मार्टिन्स लेन यांना जोडणारी छोटीशी गल्ली, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. दोन्ही बाजूंना व्हिक्टोरियन काळाच्या अखेरची दुकानं, जुनी पुस्तकं, नकाशे, छापील चित्रं विकणारी. १७६४ मध्ये आठ वर्षांचा संगीतकार मोत्सार्ट आईवडील आणि बहिणीबरोबर काही महिने याच गल्लीत राहिला होता. आमच्या धंद्यातल्या माणसांना तर इथे पाया पडावंसं वाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या पहिल्या फिल्म कंपन्यांची कार्यालयं इथेच होती, आणि गल्लीला फ्लिकर ॲली हे टोपणनाव पडलं होतं. फिल्मवाले मोठ्या जागांमध्ये गेले, पुस्तकवाले राहिले.

ज्या दुकानात आम्ही शिरलो त्याचं नाव लिहीत नाही, कारण दुकानदाराला ते आवडणार नाही. अरुंद जागा, तळघरात उतरणारा जिना, दाराजवळ टेबल. दादांनी मांडणी पाहिली आणि लगेच बेत सांगितला: डावीकडची दोन कपाटं रिकामी करायची, एकाच छटेच्या पाठींची पुस्तकं भाड्याने आणून लावायची, मधोमध कॅमेरा सरकवायला ट्रॅक टाकायचा, वरून थोडा धूर. मी ते इंग्रजीत दुकानदाराला सांगत होते आणि तो शांतपणे ऐकत होता.

तेवढ्यात एक वयस्क बाई आल्या. पिशवीतून त्यांनी पक्ष्यांवरचं एक जुनं सचित्र पुस्तक काढलं. विकायचं होतं. दुकानदाराने आमची माफी मागितली, हात पुसले आणि पुस्तक घेतलं.

पुढची पंधरा-वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. त्याने पुस्तक उघडण्याआधी मिटलेलंच फिरवून पाहिलं, वरची कड, खालची कड, सांधे. मग चित्रांची यादी असलेलं पान काढलं आणि एकेक चित्र यादीशी ताडून पाहायला लागला. या कामाला ते लोक कोलेशन म्हणतात. दर चित्राजवळ थांबून तो दोन पानांच्या मधल्या खोबणीत बोटाचं टोक फिरवायचा, कारण कोणी पान कापून नेलं असेल तर तिथे कागदाची बारीक कड उरते आणि ती डोळ्यांआधी बोटाला लागते. एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं. त्याने पान दिव्यासमोर धरलं, परत आला, पुन्हा बोट फिरवलं. एक चित्र गेलेलं होतं. त्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या वडिलांचं पुस्तक होतं ते. त्याने खुर्ची पुढे केली, चित्र नसल्याने किंमत का कमी होते ते समजावलं आणि उरलेली चित्रं किती स्वच्छ राहिली आहेत तेही दाखवलं. व्यवहार झाल्यावर पहिल्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने किंमत लिहिली आणि तिच्याखाली दोन-तीन अक्षरं. ती आपल्या खरेदीच्या किमतीची खूण. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवायचा, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. शाई कधीच नाही, शाईने पुस्तकाचं मोल जातं.

दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, “ट्रॅक रद्द.”

मग त्यांनी प्रश्नांची सरबत्तीच सुरू केली आणि मी भाषांतर करत राहिले. १९५२ च्या दुकानात काय काय दिसेल? दुकानदाराने तळघरातून काही पुस्तकं आणली. पातळ करडट कागद, अगदी कमी समास. युद्धात कागदाची टंचाई होती, म्हणून १९४२ मध्ये प्रकाशकांनी काटकसरीचा करार केला होता. त्या नियमांनी छापलेल्या पुस्तकांत सिंहाची छोटी खूण असते. आणि काही पुस्तकं मुळीच दिसणार नाहीत, असं तो म्हणाला. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री बॉम्बवर्षावात सेंट पॉल्स कॅथिड्रलजवळची पॅटर्नोस्टर रो ही प्रकाशकांची गल्ली जळाली, सुमारे पन्नास लाख पुस्तकं गेली. “दाटीवाटीने भरलेली कपाटं दाखवाल तर ती १९५२ ची वाटणार नाहीत.” दादा वहीत भराभर लिहीत होते. इतकी वर्षं सेट उभारलेला हा माणूस त्या क्षणी विद्यार्थ्यासारखा खाली मान घालून बसला होता.

परवानगी मिळाली, अटींसकट. दुकान उघडण्याआधी काम संपवायचं. तापणारे दिवे नाहीत, फक्त एलईडी. धूर अजिबात नाही, त्यातले तेलकट कण कागदावर बसतात. एकही पुस्तक जागचं हलवायचं नाही. कुठलं पुस्तक कुठे आहे हे त्याच्या डोक्यात आहे, दुसरी यादी नाही.

दिग्दर्शकाला फोन लावला तेव्हा तो वैतागला. धूर नाही, ट्रॅक नाही, भव्यता नाही, मग उरलं काय? दादांनी मराठीतच समजावलं, आणि आवाज न चढवता. तरुणी टेबलाच्या पलीकडे उभी राहील, कॅमेरा तिच्या खांद्यावरून त्याच्या बोटांवर. त्याचं बोट थांबलं की तिचा चेहरा. अख्खा प्रसंग एका जागेवरून. अर्ध्या तासाने दिग्दर्शक तयार झाला, पण नटाऐवजी खरा दुकानदारच हवा, या अटीवर.

ही अट मी भीत भीतच दुकानदाराला सांगितली. तो तयार झाला. फक्त म्हणाला, की पुस्तक प्रॉपचं, म्हणजे शूटिंगपुरतं आणलेलं, चालणार नाही, त्याच्याच साठ्यातलं हवं आणि त्यातलं एक चित्र खरोखर गेलेलं हवं, नाहीतर बोट थांबणार कुठे? पक्ष्यांचं ते पुस्तक त्याने त्या दिवशी विक्रीच्या फळीवर ठेवलंच नाही. बाईंना त्याने स्वतः पत्र पाठवून विचारलं, त्यांनी होकार कळवला. आमच्या विम्याच्या कागदांत मी त्या पुस्तकासाठी वेगळी ओळ घातली आणि विमा कंपनीने कारण विचारल्यावर सगळं सविस्तर लिहून पाठवलं.